तासाची उधारी

आंकुदच्या बसथांब्याबाहेर माझं टेबल.
चार पाय, त्यातला एक आखूड,
त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.
वर काळी, निळी, दोन-तीन गुलाबी,
प्लास्टिकच्या पट्ट्यांची घड्याळं.
आठ हजार पेसो. हमी सहा महिन्यांची.
आत पाणी गेलं तर मी जबाबदार नाही,
हे मी पैसे घ्यायच्या आधीच सांगून टाकतो.

एर्मिंदाबाईंनी नेलेलं काळं घड्याळ
नऊ वर्षांनी टेबलावर परत आलं.
पट्टा जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवलेला,
काचेवर इतके ओरखडे
की काटे शोधावे लागत होते.
चालू होतं मात्र.
"बंद पडायच्या आत सेल बदल," म्हणाल्या,
"आणि बाकी कशाला हात लावू नकोस."

पण लावला.
घड्याळ बरोब्बर एक तास मागे होतं.
सप्टेंबर आला की आमचं सरकार
अख्ख्या देशाचे काटे एक तास पुढे ढकलतं,
म्हातारी विसरली असेल, म्हटलं,
आणि माझ्या भल्या मनाने
काटे पुढे केले. फुकट.

आठव्या दिवशी त्या आल्या.
बुटांत अजून वाळू, हातात रिकामं पोतं.
ते पोतं त्यांनी माझ्या घड्याळांवर पसरलं.

"समुद्राला कळवलंस का तू,
की सरकारने वेळ बदलली?
ओहोटीचा माझा तक्ता हिवाळ्याच्या वेळेचा.
घड्याळही त्याच वेळेचं.
बस चुकते कधीकधी, मिस्सा चुकते,
नातू हसतो.
ओहोटी नऊ वर्षांत चुकली नव्हती.

परवा दाट धुकं.
गेले तर पाणी अजून खडकांच्या गळ्याशी.
थांबले. शेवाळ हाताला लागेपर्यंत
काटा म्हणाला, भरती फिरली, निघ.
आणि मी निघाले रे!
पाणी पायाखालून मागे मागेच सरत होतं,
घोट्यांना कळत होतं ते,
तरी मी म्हटलं, चुकत असेल तर समुद्र चुकतोय.
इतका भरवसा होता या आठ हजारांवर."

मग त्यांनी हिशेब मांडला.
वर्षातली मोठी ओहोटी. एक तास.
दोन पोती ओलं लुगा शेवाळ,
वाळवून उरतं त्याचे चौदा हजार.
मी दहा हजारांची नोट काढली.
दोन गुलाबी घड्याळं पुढे सरकवली.
त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पैशाने पैसा फिटतो.
माझा तास गेलाय. तास दे."

म्हणून पुढच्या अमावास्येला, पहाटे,
मी, नेफ्ताली कार्कामो,
बावीस वर्षं वेळ विकून खाणारा,
गुडघाभर पाण्यात वाकून उभा.
शेवाळ खडकाला असं धरून असतं
जसं पोर आईच्या पदराला.
ओढायचं, झटकायचं, पोत्यात कोंबायचं.
बोटं आधी दुखली,
मग दुखायची थांबली, तेव्हा जास्त भीती वाटली.
शेजारी बाई काही न बोलता
माझ्या दुप्पट वेगाने पुढे जात होत्या.
दूर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं,
त्याचंच भुंकणं मोजायला लागलो,
कारण मोजायला दुसरं काही नव्हतं.

एक पोतं भरलं. दुसरं अर्धं.
कंबर सरळ करून म्हटलं,
"झाला ना बाई, तास?"

सवयीने मनगट वर केलं.
मोकळं होतं.
माझं घड्याळ मी वर गाडीत काढून ठेवलं होतं,
आत पाणी जाईल म्हणून.

एर्मिंदाबाईंनी बाही मागे सारली,
काचेवरचा फेस अंगठ्याने पुसला,
खारट, ओरखडलेली, पुन्हा एक तास मागे केलेली
माझीच वस्तू डोळ्यांजवळ नेली
आणि म्हणाल्या,

"बारा मिनिटं आहेत अजून."